खालचे पाच दात

मलकापूर, ता. कराड
११ ऑगस्ट १९९४

अजहर,

धाकटा भाऊ हायेस, पण चिरंजीव लिवायला हात उठत न्हाई, म्हणून नुसतं नाव लिवलंय. त्यावरनं काय ते समज.

तुजा पत्ता नानासोनं दिला. इतकी वर्षं आपल्या बँडात ढोल वाजवला, आता पोटासाठी कराडच्या दुसऱ्या बँडात बडवतोय बिचारा. सांगलीला लग्नाची सुपारी वाजवायला गेला हुता, तवा वखार भागात तू त्येला दिसलास. भाऊसो म्हणून कुणी हळदीचं व्यापारी हायेत, त्यांच्या वखारीत पोती शिवतोस म्हणं. बरं हाय. पोत्याला जबडा नसतो.

माजं विचारशील तर अपघाताला तीन महिनं झालं. जबड्याच्या तारा काढल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. खालचे पुढचे पाच दात गेले ते गेलेच. खंबाटकी घाटाच्या वळणावर पडले असतील कुठंतरी, टेम्पोच्या काचांत. क्लॅरोनेटची वेताची पत्ती खालच्या ओठावर बसती आन् त्या ओठाला मागनं दातांचा टेका लागतो, हे तुला सांगायला नको. भिंतच पडली तर खुंटी कशात ठोकायची? अब्बांनी दिलेली क्लॅरोनेट खाटंखाली पडून हाय. सत्तावीस वर्षं वाजवली. गुलशन ब्रास बँडची पाटी काढून मी परसात उलटी टाकली, तिच्यावर तुजी भाबी आता भांडी वाळत घालती.

दवाखान्यात तुला लिवायच्या दगडी पाटीवर लिवून दिलं हुतं, "गाडी तू घातलीस, माजं तोंड तू घालवलंस." सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर दिलं. तवा मला बोलता येत न्हवतं. आता येतंय, आन् आजबी त्येच म्हणतोय. दिसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर तुजा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता निघून गेलास, त्येबी बरंच केलंस. न्हाईतर मी काय केलं असतं मलाच ठाऊक न्हाई.

लिवायचं कारण एवढंच, की टेम्पोची कागदं कुठं ठेवलीस ते कळव. भंगारात द्यायचा तरी कागद मागत्यात.

भाबी विचारती, जेवतोस का वेळेवर. मी न्हाई विचारत.

दुसरं पत्र येणार न्हाई.

चांदसाहेब


मलकापूर
२ नोव्हेंबर १९९४

अजहर,

दुसरं येणार न्हाई म्हणलो हुतो. आलं. काय करू, घरात बोलायला बायको सोडून कोण न्हाई, आन् ती माज्यापेक्षा जास्त बोलती.

कागदांचं तू कळवलं न्हाईस. तांदळाच्या डब्याखाली सापडली. तुजी ठेवायची जागा म्हणजे!

दात बसवले. कराडला जाऊन कवळी करून आणली. दातांच्या डॉक्टरला म्हणलं, मी बँडमास्तर हाय, मला वाजवायचंय. तो म्हणतो, "काका, आता ते विसरा. बँडात राहायचंच असंल तर खुळखुळा वाजवा की." अरं, बँडमास्तरला खुळखुळा! माज्या हाताखाली जी पोरं आली त्येंना मी पहिल्या वर्षी खुळखुळा देत हुतो. कवळी खिशात टाकली आन् पायऱ्या उतरलो. खाली आल्यावर मात्र त्येच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

घरी आल्याबरोबर खाटंखालची पेटी वढली. तोंडात कवळी, कवळीवर ओठ, ओठावर पत्ती. बिस्मिल्ला म्हणून फुंक मारली, तर कवळी सुटून क्लॅरोनेटच्या आधी भाईर! शाहजादीच्या पुढ्यातल्या परातीत जाऊन पडली. ती भाकरी थापत हुती. आधी दचकली, मंग जी हसत सुटली ती थांबंना. पदरानं डोळं पुसायची, परातीत बघायची, परत हसायची. दवाखान्यातनं आल्यापासनं घरात कुणी हसलं न्हवतं. मला राग आला आन् बरंबी वाटलं.

आता पहाटे फजरची नमाज झाली की मी पेटी घेऊन कोयनेच्या कडंला जातो. गावात वाजवायची लाज वाटती. तिथं ती हरणाबाई म्हसरं घेऊन येती, ठाऊक हाय न्हवं, म्हसोबाच्या मळ्यातली? चार दिवस तिनं ऐकलं. पाचव्या दिवशी वर येऊन म्हणती, "आवं चांदभाई, रेडकू अडाकलंय का कुठं? सकाळधरनं वरडतंय." मी क्लॅरोनेट मागं लपवली. ती बघून गप झाली. जाताना म्हणली, "वाजवा तुमी. म्हसरांना सवय झालीया."

आपलेच दात आन् आपलेच ओठ म्हणत्यात. माजे दात गेल्यात, ओठ शिवल्यात. कुणाला दोष द्यायचा? तुला देतोय, कारण तू लांब हायेस.

भाबी म्हणती, दिवाळीला नानासोच्या घरनं फराळ आलाय, तुजा वाटा काढून ठेवू का. मी म्हणलो, ठेव.

चांदसाहेब


मलकापूर
२६ जानेवारी १९९५

अजहर,

आज शाळेचं झेंडावंदन झालं. बारा वर्षं आपला बँड वाजवायचा तिथं. आज हेडमास्तरांनी टेपरेकॉर्डर लावला. फीत मधीच अडकली आन् पोरं हसली. मी फाटकाच्या भाईर उभा हुतो, कुणाला दिसू नये म्हणून. नानासो दिसला. त्येनं मान खाली घातली, मीबी घातली.

आता सगळं खरं लिवतो. तीन महिन्यांत काय काय केलं ते ऐक. कवळी चिकटवायची पूड आणली. फुंकरीनं ती लाळंत विरघळली. मंग मेणाची पट्टी करून हिरडीवर बसवली. ती उन्हात मऊ झाली आन् पत्तीला चिकटली. अर्जुना चांभारानं कोकराच्या कातड्याचा तुकडा शिवून दिला, दाताच्या जागी बसंल असा. बसला बी. पण चामड्याची चव तोंडात आली की मला मळमळायचं, आन् सूर असा यायचा की हरणाबाईची म्हसरंबी उठून गेली. मंग कवळीच काढली आन् उघड्या हिरडीवर ओठ दाबून वाजवायला लागलो. दहा मिनिटं वाजायचं. मंग रक्त.

परवा शाहजादीनं माज्या सदऱ्यावर रक्ताचं डाग बघितलं. दुपारी बघतो तर पेटी जाग्यावर न्हाई. ज्वारीच्या कणगीत लपवली हुती. मी काढली, तर तिनं हाताला धरलं. म्हणली, "कशासाठी? आता पिठाच्या गिरणीत बसताय, दोन घास मिळत्यात. कुणाला दाखवायचंय?"

मी उगंच ओरडलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणत्यात, माजं तर तोंडच वाकडं, मंग ओरडायला काय कमी?

पण रातभर विचार केला आन् उत्तर सापडलं. तुला लिवतो, तिला सांगितलं न्हाई. मी वाजवलं तर तुज्या डोक्यावरचं उतरंल. मी पाटीवर लिवलं ते तवा खोटं पडंल. "माजं तोंड तू घालवलंस." तोंड वाजलं तर घालवलं कसं? म्हणून सोडवत न्हाई. हे पत्रात लिवून गेलो, आता खोडत न्हाई.

तरीबी आज सांगतो, दमलोय. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस किती दमतो ते तुला अजून कळायचं न्हाई.

चांदसाहेब


मलकापूर
७ मार्च १९९५

चि. अजहर यास भाईचा सलाम.

वाजली!

आधी बस कुठंतरी. पोत्यावर बस. सगळं नीट सांगतो.

ईदच्या आदल्या दिवशी शाहजादीनं घर झाडायला काढलं. तुला ठाऊक हाय ती झाडायला लागली की माणसंबी उचलून भाईर ठेवती. मी गिरणीवर हुतो. तिनं पेटी उघडली, क्लॅरोनेटचे तुकडे सुटे केले, धुळीनं भरलेत म्हणून पुसले, तोंडाचा तुकडा धुतला, पत्ती पुसली, ती धरायचं कडं कसलं आन् सगळं परत जोडून कापडात गुंडाळून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा हात लावला तिनं. अब्बांच्या वेळेपासनं नियम, बायकांनी वाजाला हात लावायचा न्हाई. म्हणून तिला तरी काय ठाऊक?

मी आलो, बघितलं, आन् डोक्यात गेलं. तोंडाचा तुकडा उलटा बसवलेला! पत्ती खाली पायजे, ती वर, आढ्याकडं. मी म्हणलो, "अगं, बावीस वर्षं बँडवाल्याची बायको हायेस, पत्ती वर असती का खाली?"

ती चुलीपाशी शीरखुर्म्याचं दूध ढवळत हुती. वळलीबी न्हाई. म्हणली, "तुमी कवा हात लावू दिलात का? आन् खाली असली तरी कुठं वाजती?"

झोंबलं मला. म्हणलं हिला दाखवूनच देतो. "हे बघ, असली उलटी कवा वाजंल का?" म्हणून तशीच तोंडात घातली आन् रागानं फुंकली.

अजहर, सूर आला.

फाटका हुता, पण सूर हुता. मी घाबरून काढली तोंडातनं. परत घातली. परत आला. तवा डोक्यात उजेड पडला. वरचे दात माजे सगळे शाबूत हायेत! पत्ती वर ठेवली की ती वरच्या ओठावर बसती, ओठाला मागनं वरच्या दातांचा टेका. खालच्या हिरडीवर नुसतं लाकूड टेकतंय, तिला काय करायचं न्हाई, नुसतं बसायचंय. दहा महिनं मी पडलेल्या भिंतीला टेकू लावत बसलो, आन् म्होरची भिंत उभीच हुती. सत्तावीस वर्षं खाली म्हणजे खाली, मंग वर कसं सुचंल? जिला काय ठाऊक न्हवतं तिच्या हातनं झालं.

मी वाजवत हुतो आन् दूध उतू चाललं हुतं. शाहजादी चुलीकडं बघंना. खाली बसली, तोंडाला पदर लावून. निम्मं दूध गेलं. ईदला शीरखुर्मा पातळ झाला, पण असला गोड मी कवा खाल्ला न्हाई.

लगेच काय बँड काढत न्हाई, भिऊ नको. सगळं पहिल्यापासनं शिकायला लागतंय. जीभ टाळूकडं न्यावी लागती, वरचा ओठ पोराच्या गालासारखा मऊ हाय, त्येला घट्टा पडायला सहा महिनं लागतील. एक सूर म्हणजे गाणं न्हवं. पण एक सूर हाय.

हे वाचलंस की नुसतं "पोचलं" एवढं कार्ड टाक.

तुजा भाई


मलकापूर
२० ऑगस्ट १९९५

चि. अजहर,

कार्ड आलं न्हाई. पत्र परतबी येत न्हाई, म्हणजे पोचतंय. तुजा राग हाय म्हणून समजतो. आज जे लिवणार हाय ते वाचून वाढला तरी चालंल.

वाजवणं चांगलं चाललंय. आरती येती, बिदाईची धून येती, नाचायची दोन-चार येत्यात. वरच्या ओठाला घट्टा पडलाय. हरणाबाई परवा म्हणली, "आता म्हसरं ऐकत उभी ऱ्हात्यात, चरत न्हाईत. लांब जाऊन वाजवा." नानासोनं त्यो कराडचा बँड सोडला. परसातली पाटी धुतली, परत दारावर लावली.

तर परवा काय झालं. गणपती जवळ आल्यात. विसर्जनाच्या दिवसाची सुपारी घेऊन कराडचं एक मंडळ आलं. मला गहिवरून आलं. घेतली. तासाभरात दुसरं मंडळ आलं, पाटणकडलं, त्याच दिवशीची. नानासो खूष झाला. म्हणला, "मास्तर, दोन्ही घ्या की! एक दुपारी उरकू, दुसरं सांजचं. मधी गाडी हाणायची."

गाडी हाणायची.

मी उठून आत गेलो. नानासोला वाटलं, तब्येत बिघडली.

अजहर, त्या दिवशीच्या दोन सुपाऱ्या कुणी घेतल्या हुत्या? मी. अब्बा सांगून गेले, दाट तिथीला एका दिवशी दोन लग्नं घ्यायची न्हाईत, तोंडाला आन् माणसाला इसावा पायजे. मी म्हणलो, अब्बांचा काळ गेला. शिरवळचं साडेबाराचं, कराडचं सहा वीसचं. मधी खंबाटकी. जेवणाच्या पंगतीला उशीर झाला, आपण साडेतीनला निघालो. तू त्याआधी दोन रात्री गाडीवरच हुतास.

पुढं केबिनमधी आपण दोघंच हुतो. मागं बसलेल्या कुणी ऐकलं न्हाई. तू म्हणलास, "भाई, झापड येतीया. अर्धा तास पडू दे." मी म्हणलो, "नवरदेव घोड्यावर बसून वाट बघंल व्हय? हाण." घाटाखाली खंडाळ्यात परत म्हणलास, "भाई, च्या तरी पिऊ." मी म्हणलो, "घाट उतरल्यावर." घाट आपण उतरलोच न्हाई.

दोनदा म्हणलास तू. मला दोन्ही वेळचा तुजा आवाज ऐकू येतो. दवाखान्यात शुद्धीवर आलो तवाच आठवत हुतं. तरी पाटीवर लिवलं, माजं तोंड तू घालवलंस. चोराच्या उलट्या बोंबा. माज्यावर यायच्या आधी तुज्यावर घातलं. तू पाटी वाचलीस, खाली ठेवलीस, एक शब्द बोलला न्हाईस. तू बोलशील म्हणून मी भीत हुतो, आन् न्हाई बोललास म्हणून जास्त भ्यालो.

शाहजादीला सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं. म्हणली, "हे मला न्हवं, त्येला सांगा." मंग नानासोला आन् बँडच्या सगळ्यांना बसवून सांगितलं. नानासोचा त्या अपघातात मनगटाजवळ मोडलेला हात अजून पुरा वळत न्हाई, तो चोळत बसला. थोड्या वेळानं म्हणला, "पाटणवाल्यांना न्हाई म्हणून कळवतो."

माफी माग म्हणून लिवत न्हाई. माफी मी मागायची हाय. मागतोय.

चांदसाहेब


मलकापूर
४ डिसेंबर १९९५

चि. अजहर,

साडेतीन महिनं झालं. काय न्हाई तुजं. बरोबर हाय. मी तुज्या जागी असतो तर मीबी लिवलं नसतं.

एवढंच कळवतो, की येत्या रविवारी, दहा तारखेला, सांगलीला सुपारी हाय. एकच. नवरदेवाची परण्या, देवदर्शनाची मिरवणूक, सकाळी दहाला निघणार, वखार भागातनं जाणार. मी मुद्दाम त्या रस्त्यानं मागितली न्हाई, मुलाचं घरच तिकडं हाय. आता खोटं कशाला लिवू? मागितलीच. नवरदेवाच्या मामाला म्हणलो, मारुतीच्या देवळाला त्या बाजूनं जाऊ, रस्ता रुंद हाय.

तू भाईर येऊ नकोस वाटलं तर. आतूनच ऐक. मला भेटायचं न्हवं, मला ऐकवायचंय. बस एवढंच. पहिली सुपारी असल्यागत वाटतंय.

भाई


सांगली, वखार भाग
१३ डिसेंबर १९९५

शाहजादी,

लग्नाला तेवीस वर्षं झाली, तुला पहिलं पत्र लिवतोय. आजवर लांब गेलोच न्हाई, तर लिवणार कुणाला?

नानासो आन् बाकीची येष्टीनं आली असतील. मी का ऱ्हायलो ते त्येनं सांगितलंच असंल, पण त्येला सगळं ठाऊक न्हाई. म्हणून लिवतो.

परण्या दहाला निघायची ती अकराला निघाली. नवरदेवाचा फेटा दोनदा सुटला. वखार भागात वळलो. पत्ती ओली केली, बिस्मिल्ला म्हणलं आन् वाजवायला लागलो. दोन्ही बाजूला हळदीच्या वखारी, सगळं पिवळं, उंबरे पिवळे, कुत्री पिवळी. तिसऱ्या का चौथ्या दारातनं एक माणूस भाईर आला. हातात दाभण, दाभणात सुतळी तशीच. वाळलाय गं लय. दाढी वाढलीया. मी वळखलं, पण वाजवणं थांबवता येतंय व्हय? नवरदेव घोड्यावर, म्होरं पोरं नाचत्यात. मी वाजवत गेलो आन् तो बाजूनं चालत आला. देवळापोतूर आला. नजर माज्या तोंडावर. मला वाटलं, हा आता रडणार, न्हाईतर मारणार.

देवळापाशी नवरदेव उतरला, वाजप थांबलं. अजहर म्होरं आला. दीड वर्षानं भेटतोय, आन् पहिला शब्द काय बोलला ठाऊक हाय?

"भाई, उलटी धरलीयस."

मी म्हणलो, "अरं, मार्चमधी लिवलं हुतं की तुला!"

मंडपातलं आटपल्यावर तो मला त्येच्या खोलीवर घेऊन गेला. वखारीच्या मागं पत्र्याची खोली. खुंटीवरच्या पिशवीतनं त्येनं माजी पत्रं काढली. सहा आंतरदेशीय. पहिलं फोडलेलं. बाकीची पाच जशीच्या तशी, कडा चिकटलेल्या. म्हणला, "पहिलं वाचलं आन् दोन दिवस गिळवलं न्हाई. मंग एक एक येत गेलं. फोडायची छाती हुईना, टाकवंनाबी. ह्यातबी तेच असंल म्हणलं."

आता काय करायचं सांग! एवढं जिवाचं पाणी करून लिवलं, रडून लिवलं, आन् गड्यानं फोडलंच न्हाई. पोस्टकार्डं टाकली असती तर पोस्टमननं तरी वाचून दाखवली असती. मला हसूच आलं. मंग म्हणलो, राहू दे, तोंडानं सांगतो. आता तोंड चालतंय.

पण लिवायला जे जमलं ते बोलायला जड गेलं. तीनदा गाडी अडली. शेवटी त्येच्याकडं न बघता, भिंतीकडं बघत सांगितलं. दोन सुपाऱ्या, खंडाळा, सगळं. तू झापड येती म्हणलास, मी हाण म्हणलो. तू च्या पिऊ म्हणलास, मी न्हाई म्हणलो.

मी वळून बघितलं तर त्येचं तोंड पांढरं पडलेलं.

म्हणला, "मी म्हणलो हुतो?"

म्हणलं, "व्हय."

"झापड येती म्हणून मी सांगितलं हुतं तुला?"

"दोनदा सांगितलंस."

"मी न्हाई सांगितलं भाई. सांगितलं असतं तर..." असं म्हणला आन् अडला.

शाहजादी, त्येला आठवतच न्हाई. डोकं आपटलं तवा त्या तासाभराचं सगळं पुसून गेलंय. शिरवळची पंगत आठवती, मंग एकदम दवाखाना. दीड वर्ष हा पोरगा सकाळ-संध्याकाळ स्वतःलाच विचारत बसलाय, मी बोललो का न्हाई? झोप आली हुती तर तोंड उघडून सांगता येत न्हवतं का? भाईनं थांबवली असती गाडी. मी का न्हाई बोललो? ह्या एका प्रश्नानं त्येला खाल्लाय. भाऊसो सांगत हुते, कामाला वाघ हाय, पण वखारीचा टेम्पो दारात असून कवा स्टेअरिंगला हात लावला न्हाई. दुप्पट पगाराचं आमिष दाखवलं तरी पोतीच शिवतो म्हणायचा.

मी त्येचा हात धरला आन् परत सांगितलं, तू बोललास. नीट बोललास. ऐकलं मी न्हाई. त्येनं परत विचारलं, परत सांगितलं. रविवारी विचारलं, सोमवारी विचारलं. काल रात्री जेवताना घास हातात धरून विचारलं, "च्याचं नक्की खंडाळ्यात म्हणलो हुतो न्हवं?" मी म्हणलो, खंडाळ्यात, येष्टी स्टँडाच्या अलीकडं, उजव्या हाताला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ हुतं तिथं. तवा घास तोंडात घातला. आन् मंग चार भाकरी खाल्ल्या गं. मी मोजल्या.

माज्यावर चिडला का म्हणशील, तर चिडला. काल सकाळी एकदम उठून म्हणला, "पाटीवर कसं लिवलंस तू ते?" आन् दिवसभर बोलला न्हाई. त्येनं बोलावं तरी कशाला? सांजच्याला पोती शिवता शिवता म्हणला, "एकदा वाजव की, इथं बसून." वाजवलं. वखारीतले हमालबी येऊन बसले. बिदाईची वाजवली तर रडला, मंग डोळ्यांना हळद लागली म्हणून आणखी रडला, आन् मी त्येच्या डोक्यावर पाणी वतलं.

आज दुपारी त्येनं भाऊसोंकडं टेम्पोची किल्ली मागितली. भाऊसो बघतच ऱ्हायले. मला म्हणला, "बस शेजारी." वखारीच्या आवारात दोन चकरा मारल्या. पहिल्या चकरेला गाडी तीनदा बंद पडली. मी एक शब्द बोललो न्हाई. दुसऱ्या चकरेला बंद पडली न्हाई.

येत्या रविवारी निघतो आमी. त्येचं सामान म्हणजे एक वळकटी आन् एक ट्रंक, त्येला टेम्पो कशाला? पण भाऊसो म्हणले, न्यावा, दोन पोती हळद कराडला टाकायचीच हाय. अजहर घरीच येतोय, पाहुणा म्हणून न्हवं. त्येची खोली झाडून ठेव. डाळ-कांदा कर, त्येला तुज्या हातचा आठवतोय.

सकाळी निघू. मधी किती वेळा थांबायचं ते तो ठरवील. मी शेजारी बसणार, त्येला हाण म्हणणार न्हाई आन् हळू बी म्हणणार न्हाई. पेठनाक्याला हमरस्ता लागला की डोळं मिटून घेणार हाय. सोंग न्हवं, खरंच झोपणार. दीड वर्ष मला नीट झोप न्हाई, तुला ठाऊक हाय. दारात गाडी उभी राहिली की तूच ये आन् मला उठव.

चांदसाहेब